ओपलच्या डोक्याची मागची बाजू

ड्रीमामुळे हॉस्पिटल बंद पडलं असं जी म्हणेल तिचे केस मी कापत नाही. दारावर तशी पाटीच लावणार होते, पण ड्रीमाच म्हणाली, "राहू दे गं आयव्हा, गिऱ्हाइकं उरलीत किती?" तेही खरंच. मग मी तोंडानेच सांगते. परवा औषधाच्या दुकानातली लर्लीन खुर्चीत बसली आणि सुरू झाली, "आता छातीत कळ आली की डोंगर ओलांडून तासभर जायचं, कुणाच्या कृपेने?" मी तिच्या गळ्यातला कपडा सोडला आणि म्हटलं, ऊठ. अर्धं डोकं ओलं होतं बाईचं. तशीच तरातरा निघून गेली.

हॉस्पिटल बंद केलं ते कंपनीने. हे हॉस्पिटल खाणकामगारांनी बांधलं होतं, माझ्या बापाने स्वतः त्याच्या विटा वाहिल्यात. खाणी बसल्या, युनियनचा दम संपला, आणि बाहेरच्या एका कंपनीने ते विकत घेतलं. मग काचेची दारं आली, लॉबीत एक कारंजं आलं, आणि वरच्या मजल्यावरच्या नर्सा एकेक करून घरी गेल्या. शेवटी अख्ख्या मजल्याला एक बाई उरली. कारंजं म्हणे! पाय मोडून आलेली माणसं काय पाणी उडताना बघायला येतात?

पण मला सांगायचंय ते ड्रीमाबद्दल. आमच्या पार्लरमध्ये दोन खुर्च्या. खिडकीकडची तिची, नळाकडची माझी. तीस वर्षं एकमेकींच्या कोपराला कोपर लावून उभ्या राहिलो, पण नवऱ्याशी भांडले नसेन एवढी मी तिच्याशी भांडलेय. मी फटकळ, ती अबोल. मी दोन शब्दांत एखादीला रडवायची आणि मग ड्रीमा तिला कॉफी करून द्यायची. उंच, हाडकुळी बाई, आणि कमरेखाली येणारी जाड वेणी. दुसऱ्यांचे केस कापून पोट भरणाऱ्या बाईने स्वतःच्या केसांना कधी कात्री लावली नाही. मी चिडवायची, "तुझ्यासारखी सगळी गिऱ्हाइकं निघाली तर आपण दोघी भीक मागू."

ड्रीमा आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या बापावर खाणीचं छत कोसळलं. शवपेटी बंदच आणली, उघडायची सोय नव्हती. तिची आई त्या झाकणावर डोकं आपटत राहिली, "मला तोंड तरी बघू द्या, एकदा तोंड बघू द्या." कुणी बघू दिलं नाही. ती बाई पुढे जगली बरीच, पण दारात कुणाचं पाऊल वाजलं की मान वर करायची. नवरा मेलाय हे तिला शेवटपर्यंत पटलंच नाही. ड्रीमाने हे मला एकदाच सांगितलं, रोलर धुता धुता, आणि परत कधी तो विषय काढला नाही.

आमच्या दरीत बाई वारली की तिचे शेवटचे केस तिच्या नेहमीच्या केसवालीनेच करायचे. मयताची तयारी करतात त्या पर्विसच्या फ्युनरल होममधून फोन यायचा आणि ड्रीमा पिशवी उचलायची. तेच रोलर, तोच स्प्रे, तीच कंगव्याची पद्धत. मला ते काम कधी जमलं नाही. मी एकदा तिच्याबरोबर गेले होते. ही आपली त्या मेलेल्या बाईशी गप्पा मारतेय, "अगं, मान ताठ ठेव ना जरा, जिवंतपणीही अशीच वाकडी बसायचीस." मी बाहेर येऊन ओकले.

त्या दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. पेटीतल्या माणसाचं दिसतं ते पुढून. त्यामुळे बाकीच्या केसवाल्या पुढचं आणि बाजूचं करतात, मागचं तसंच उशीवर सोडून देतात. ड्रीमा मात्र डोकं हातावर उचलून मागचेही केस धुवायची, विंचरायची. मी विचारलं, "मागून कोण बघणारे गं तिला?" तर म्हणे, "तिला माहीत असतं ना." 

ओपल आमची शुक्रवारची. जिभेला हाड नसलेली म्हातारी. पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की मोठ्याने घड्याळ विचारायची. चर्चच्या पायरीवरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात न्यायला गाडी आली तेव्हा स्ट्रेचरवरून मला ओरडून म्हणाली, "आयव्हा, माझी शुक्रवारची वेळ त्या लर्लीनला देऊ नकोस हं!" ऑपरेशन चांगलं झालं. मग वरच्या मजल्यावर ठेवली. तिची लेक शेल्बी कामावरून सुटली की रोज जायची. पुष्कळदा तिला खालीच थांबवायचे. आई झोपलीय, औषध दिलंय, उठवू नका. शेल्बी गरीब स्वभावाची, सांगितलं की ऐकणारी. खाली बसून वाट बघायची आणि घरी जायची.

ओपलचे दोन शुक्रवार चुकले आणि तिसऱ्याच्या आत पर्विसचा फोन आला. हृदय बंद पडलं म्हणे. म्हातारं माणूस, डॉक्टरांची सही, कोण कशाला काय विचारतंय?

ड्रीमा त्या दिवशी गेली ती संध्याकाळ होईतो परत आली नाही. आली तेव्हा वेणी नव्हती. मानेपर्यंत तोडलेले वेडेवाकडे केस. माझ्या हातातला ब्रश पडला. "अगं बाई! हे काय केलंस?" "जड व्हायची. डोकं दुखायचं," एवढंच म्हणाली आणि फडकं घेऊन आरसे पुसायला लागली. आरसे स्वच्छच होते.

ओपलचं अंत्यदर्शन मी विसरणार नाही. निळा झगा, रुपेरी कुरळे केस, गालावर हलकी लाली. सगळं गाव रांगेने पुढे जात होतं आणि जो तो एकच म्हणत होता, "झोपल्यासारखी दिसतेय गं." शेल्बी पेटीपाशी उभी राहिली, वाकून बघितलं आणि चक्क हसली. रडत रडत हसली. म्हणाली, "त्रास नाही झाला आईला. बघा ना चेहरा." मोबाइलवर फोटो काढला, फेसबुकवर टाकला, आणि छापून फ्रिजवर लावला. आमच्याकडे सगळेच काढतात पेटीतल्या माणसाचा फोटो. ड्रीमा मागच्या भिंतीला टेकून उभी होती. मला वाटलं, थकली असेल.

त्या हिवाळ्यात त्या मजल्यावरून बऱ्याच जणी पर्विसकडे आल्या. चर्चमधली पियानोवाली आली, शाळेच्या बसवाल्याची आई आली. ड्रीमा जायची, यायची, आणि डबा न उघडता तसाच घरी न्यायची. मी म्हटलं, तब्येत दाखव. तर तिने पाठ फिरवून कात्र्या धुवायला घेतल्या.

बिंग फोडलं ते हॉस्पिटलने कामावरून काढलेल्या एका नर्सने. दुकानात शेल्बी समोर दिसली आणि ती पोरगी भाजीच्या टोपल्यांपाशीच रडायला लागली. म्हणाली, "तुझ्या आईची बेल वाजत राहायची गं. मी एकटी होते. मला जाताच यायचं नाही." शेल्बी वकिलाकडे गेली. नोरा टॅकेट नावाची वकीलबाई, जुन्या ट्रकमधून फिरते, बुटांना कायम चिखल. हॉस्पिटलने लक्ष दिलं नाही म्हणून ओपल गेली, अशी केस तिने घातली. बाकीच्या घरच्यांनीही तिला गाठलं, पण तिने साफ सांगितलं, आधी ओपलची केस कोर्टात टिकू दे. ती पडली तर कुणाचीच उभी राहणार नाही.

कंपनीने न्यायाधीशांना सांगितलं, केस फेटाळून लावा, यात काही दमच नाही. त्याची सुनावणी लागली आणि सगळं गाव जाऊन बसलं. ड्रीमा आणि मी शेवटच्या बाकावर. कंपनीचा वकील गोड बोलणारा, चष्मा पुसत पुसत बोलायचा. पेशंटची कूस वेळच्या वेळी बदलली अशा खुणा हॉस्पिटलच्या सगळ्या कागदांवर होत्या. नर्स काय, तो म्हणाला, नोकरीवरून काढली म्हणून रागावलेली. आणि मग त्याने एक मोठं चित्र उभं केलं. ओपल. निळा झगा, रुपेरी केस. शेल्बीने स्वतःच फेसबुकवर टाकलेला फोटो.

"साहेब," तो न्यायाधीशांना म्हणाला, "उपाशी, तहानलेली, सडत पडलेली बाई अशी दिसते? या खोलीतल्या किती जणांनी हिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि किती शांत दिसते म्हणाले, हे विचारा त्यांना."

कुणी माना डोलावल्या, कुणी खाली घातल्या. माझीही मान हलली, खोटं कशाला बोलू? आणि माझ्या शेजारी ड्रीमा उभी राहिली.

"ती शांत नाहीये," ड्रीमा म्हणाली. "तशी मी केलीय तिला."

न्यायाधीशांनी हातोडा आपटला, खाली बसा म्हणाले. ड्रीमा बसेना. मी तिचा कोट ओढतेय, ही हलतच नाही. शेवटी शिपायाने तिला बाहेर काढलं आणि नोरा टॅकेट तिच्यामागे धावली. जेवणाच्या सुट्टीनंतर ड्रीमा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात होती.

तिने सांगितलं ते असं. ओपलचं डोकं हातावर घेतलं तेव्हा हाताला ओलं लागलं आणि घाण वास आला. मागचे केस चिकटून गठ्ठा झाले होते. ते कापल्यावर खाली जखम, बेडसोअर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलली नाही, डोकं हलवलं नाही की पडते तशी. पाठीला आणि टाचांनाही होत्या, पण डोक्याची तिला जवळून दिसली. तिने पर्विसना बोलावलं. ते म्हणाले, हॉस्पिटलवाल्यांशी आपल्याला काय करायचंय, लेक यायची वेळ झालीय, बुजवून टाक.

"आणि तुम्ही बुजवली," कंपनीचा वकील म्हणाला.

"हो."

"श्रीयुत पर्विस म्हणतात, त्यांना असं काही आठवत नाही."

"त्यांना नसेल आठवत."

"म्हणजे तुमचा धंदाच मुळी लपवायचा. तेव्हा तुम्ही साऱ्या गावाला फसवलंत असं स्वतःच सांगताय. मग आज फसवत नाही कशावरून?"

पर्विस तिसऱ्या बाकावर बसून बोटं मोडत होता. मला त्याच्या टकलावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. ड्रीमाने मात्र डोक्याचा रुमाल सोडला आणि मान फिरवून तोडलेले केस सगळ्यांना दाखवले.

"तिच्या मागच्या बाजूला केसच उरले नव्हते," ती म्हणाली. "ते माझे लावलेत. रुपेरी रंग देऊन, राहिलेल्या केसांना आतून शिवलेत. निळ्या दोऱ्याने, पांढरा संपला होता. त्याच्याखाली मेण आहे. मेणाखाली भोक आहे. जा, बघा."

 वेणी!  तीस वर्षं जिच्यावरून चिडवलं ती वेणी.

न्यायाधीशांनी समोरचे कागद मिटले. मग म्हणाले, नुसत्या शब्दावर केस चालवता येत नाही. लेकीची संमती असेल तर कबर उघडायची परवानगी देतो. नसेल तर पुढच्या तारखेला केस निकालात. कंपनीच्या वकिलाने चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याला खात्री होती, लेक नाहीच म्हणणार. आमच्याकडे डोंगरावर घराघराची दफनभूमी असते, मे महिन्यात सगळं गोत जमून कबरी साफ करतं, फुलं वाहतं, तिथेच जेवतं. पुरलेल्या माणसाला हात लावायचं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. आणि शेल्बी तर कोर्टातून कुणाशी न बोलता निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्याकडे गेलो. एकटी जाऊ देईना मी ड्रीमाला. शेल्बी बटाटे तळत होती, आमच्याकडे पाठ करून. फ्रिजवर तो फोटो.

"मला झोप लागते ती त्या फोटोमुळे," शेल्बी म्हणाली. "कामावरून येते, त्याच्याकडे बघते आणि म्हणते, त्रास नाही झाला तिला. आता कुणाकडे बघू? तो माझ्या आईचा चेहरा आहे की तुझं मेण?"

तिने झाऱ्याने बटाटे उलटले.

"दुखलं असेल तिला?"

मी ड्रीमाच्या कमरेला चिमटा काढला. म्हण नाही. म्हण ती गुंगीत होती, काही कळलं नसेल. पोरीला एवढं तरी राहू दे.

"हो," ड्रीमा म्हणाली. "खूप दुखलं असणार."

शेल्बीने गॅस बंद केला. झारा अजून हातातच होता. तेल फरशीवर ठिबकत होतं, तिला पत्ता नव्हता. "तेव्हा का नाही सांगितलंस मला? का नाही सांगितलंस, मेले?"

"तू हसलीस," ड्रीमा म्हणाली. "पेटीपाशी उभी राहून हसलीस. माझ्या आईला माझ्या बापाचं तोंड बघायला मिळालं नव्हतं. मला वाटलं, मी तुझ्यावर उपकार केला. मग दुसरी आली, तिसरी आली, आणि त्यांच्याही मागे मी मेणच भरत राहिले. मी ओरडले असते तर त्या तिसरीची कूस कुणीतरी बदलली असती."

शेल्बीने आम्हाला चालतं व्हा म्हणून सांगितलं. आम्ही पायऱ्या उतरलो, गाडीत बसलो. मी किल्ली फिरवणार एवढ्यात ती दारात आली. "उकरा," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार काही नाही. केस टिकली. कंपनीने ज्यूरीसमोर जायचं टाळलं, सगळ्या घरच्यांना पैसे देऊन मिटवलं, आमची चूक झाली असं एका कागदावरही लिहिलं नाही, आणि हॉस्पिटल तोट्यात आहे म्हणून कुलूप लावून निघून गेली. जाताना कारंजंसुद्धा उपटून नेलं. पर्विस अजून आहे, त्याने दुसरी केसवाली बघितली. आणि लोक कुणाला शिव्या देतात? ड्रीमाला. कंपनी कुणाच्या हाताला लागत नाही, ड्रीमा रोज खिडकीत उभी दिसते.

तर कबर. सकाळी धुकं होतं. शेरीफ होता, चार्ल्सटनहून आलेला सरकारी डॉक्टर होता, कंपनीनेही स्वतःचा एक डॉक्टर पाठवला होता. खोदायला आले ते सगळे जुने खाणवाले. टोप्या काढून कामाला लागले. पेटी वर काढून तंबूत नेली. शेल्बी म्हणाली, मी बघणार नाही, आणि ट्रकला टेकून उभी राहिली. सरकारी डॉक्टरने ड्रीमाला आत बोलावलं. काय कुठे लावलंय ते तिलाच माहीत. मी तिच्यामागे गेले. 

ओपल ओळखू येत होती. त्याहून जास्त मी सांगणार नाही. ड्रीमाने डाव्या हातावर तिचं डोकं उचललं, नेहमी उचलायची तसं, आणि उजव्या हाताने एकेक पिन काढायला लागली. पिना गंजल्या होत्या. मग निळा दोरा दिसला. कंपनीच्या डॉक्टरने तो बघितला आणि बुटांकडे बघायला लागला. दोरा कापला, केसांचा झुपका वेगळा झाला, ड्रीमाचे स्वतःचे केस, आणि सरकारी डॉक्टरने बारीक चाकूने मेण खरवडलं. वाकून बघितलं. फोटो काढले. मग सोबतच्या माणसाला हळूच म्हणाला, "हाडापर्यंत आहे."

तेवढ्यात कनात बाजूला झाली. शेल्बी. मी आडवी गेले, "नको गं पोरी, नको," तर मला ढकलून पुढे आली. आणि ड्रीमाचा हात बघा, लेक आलेली दिसली की इतकी वर्षं जे करत आला तेच करायला गेला. तो केसांचा झुपका उचलून ती परत जखमेवर ठेवायला लागली. तिचं तिलाही कळलं नसावं.

शेल्बीने तिचं मनगट धरलं. "नको झाकू," म्हणाली.

ती वाकली आणि बघितलं. सगळं बघितलं, घाई केली नाही. डॉक्टर घसा खाकरून काही बोलणार होता, शेरीफने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग शेल्बीने ड्रीमाच्या हाताखाली हात घातला आणि आईचं डोकं स्वतःच्या तळव्यावर घेतलं, जखम बोटांच्या मधे राहील असं.

"राहिलेले केस विंचर तिचे," ती ड्रीमाला म्हणाली. "मी धरते."

ड्रीमाच्या हातून कंगवा दोनदा पडला. मी उचलून दिला. ती विंचरायला लागली. शेल्बी आईच्या कानाशी वाकून बोलायला लागली, अगदी हळू, पण त्या तंबूत सगळ्यांना ऐकू गेलं.

"आई, तू बेल दाबत होतीस ना, तेव्हा मी खालीच होते. कारंज्यापाशी बसले होते. मला म्हणाले, तू झोपलीयेस."